आठ वर्षांचा गाळ

२ मार्च २००६. अलास्काच्या उत्तर टोकाला, प्रूडो बेच्या तेलक्षेत्रात तुम्ही उभे आहात. उजाडायला वेळ आहे. हाडं गोठवणारी थंडी आहे आणि हवेत कच्च्या तेलाचा वास आहे. बर्फ वरून पांढराच दिसतो. तेल त्याच्या खाली पसरलंय, सुमारे ८ लाख लिटर. पाइपलाइनच्या ज्या भोकातून ते आलं, ते मात्र करंगळीच्या टोकाने बुजवता येईल एवढं.

ते कसं पडलं हे पाहायला १९९८ मध्ये चला, याच ३४ इंची लाइनच्या तोंडाशी. समोर लाँचर आहे: लाइनपेक्षा थोड्या रुंद पोटाचा, जाड झाकणाचा नळीचा तुकडा. दाब उतरवून झाकण उघडतात, पिग नावाचं नळी साफ करणारं उपकरण आत सारतात, झाकण लावतात आणि मागून तेल सोडतात. पिगला ना इंजिन, ना दोरी. त्याच्या चकत्या नळीला आतून घट्ट टेकलेल्या, म्हणून वाहतं तेलच त्याला रेटत नेतं. तुम्हीही त्याच्यासोबत आत शिरा. मिट्ट काळोखात ब्रश पोलाद खरवडतायत. मेण, वाळू, साचलेलं पाणी पुढे ढकललं जातंय. पलीकडे रिसीव्हर उघडला की हा सगळा गाळ बाहेर.

आता आतच थांबा आणि वर्षं जाऊ द्या. १९९९, २०००, २००२. पुढचा पिग येत नाही. तेलक्षेत्र म्हातारं होतंय, प्रवाह मंदावलाय. पाणी आणि गाळ तळाशी बसतो, विशेषतः कॅरिबू हरणांच्या वाटेखाली लाइन खोल जाते तिथे. गंजरोधक रसायन गाळावरून निघून जातं. खाली जिवाणू निवांत पोलाद खातात. बाहेरून अल्ट्रासाउंडने जाडी मोजली जाते, पण ठरावीक जागीच. कमी दाबाची, वस्तीपासून दूरची लाइन, म्हणून सरकारी नियमांची सक्तीही नाही. मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा, की हेच तेल पुढे नेणाऱ्या १,२८७ किलोमीटरच्या ट्रान्स-अलास्का पाइपलाइनमध्ये पिग नियमित फिरत होते. यंत्रं आणि जाणकार माणसं शेजारीच होती.

जुलै २००६. पूर्वेकडच्या जोडलाइनमध्ये आता इंटेलिजंट पिग सोडलाय. त्याचे जबरदस्त चुंबक नळीची भिंत चुंबकीय क्षेत्राने भरून टाकतात. धातू झिजलाय तिथे हे क्षेत्र भिंतीबाहेर सांडतं, सेन्सर ते टिपतात आणि चाकं अंतर मोजत राहतात. मात्र सेन्सर भिंतीलगतच हवेत. मध्ये गाळ आला की ते उचलले जातात आणि नोंद बिघडते. म्हणजे सफाई टाळली, तेव्हा नळीची तपासणीही अवघड करून ठेवली होती.

ऑगस्टमध्ये निकाल तुमच्या हातात येतो: १२ ठिकाणी १६ दोष, काही जागी भिंतीची ७० टक्क्यांहून जास्त झीज. ६ ऑगस्टला तेलक्षेत्र चालवणारी बीपी कंपनी ते बंद करायला घेत असल्याचं जाहीर करते. पुढच्या काही वर्षांत सुमारे २६ किलोमीटर लाइन उखडून नवी टाकली जाते, आणि यावेळी ती पिग फिरवण्याच्या सोयीसकट बांधलेली असते.