म्हातारीला सांगितलेला शेवट

बहात्तरच्या दुष्काळावर पुष्कळांनी लिहिलंय. मिलो, सुकडी, खडीची कामं, पाझर तलाव, सगळं लिहून झालंय. त्या वर्षी मी पुस्तकं वाचत होतो, ते तेवढं सांगायचं राहिलंय.

मी सातवीत होतो. गाव माण तालुक्यातलं. आदल्या सालचा पाऊस कमी, १९७२ चा तर जवळजवळ नाहीच. दिवाळीला विहिरीचा तळ दिसला. आई-वडील तलावाच्या कामावर माती वाहायचे, थोरला भाऊ मुंबईला गिरणीत बदलीवर. घरी मी आणि आजी. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं शाळा सुटली की तिच्याजवळ बसायचं काम माझं.

शाळेत पत्र्याची एक पेटी होती, तिच्यात पंचवीस-तीस पुस्तकं. गुरुजी देताना बजवायचे, "थुंकी लावून पानं उलटायची न्हाईत." पहिलं आणलं ते साने गुरुजींचं 'श्यामची आई'. त्यात मला सारखं रडू यायचं आणि रडलेलं कुणाला दिसू नये म्हणून मी भिंतीकडं तोंड करून वाचायचो. मग अण्णा भाऊ साठ्यांचं 'फकिरा'. १९५९ सालचं पुस्तक. दुष्काळात माणसं उपाशी मरायला लागल्यावर फकिरा धान्य लुटून आणतो, तिथं मी उभाच राहिलो. बसून वाचवेना. रात्री वडील कामावरून आले तसं त्यांना म्हणालो, "आबा, आपुन बी लुटूया की." ते पाय चोळत बसले होते. म्हणाले, "कुणाचं लुटायचं? सगळ्यांच्याच कणग्या मोकळ्या." मला पुस्तकाचा राग आला. पुस्तकात लुटायला कुणीतरी असतं.

तिसरं 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांचं, १९५५ सालचं. माडगूळकर शेजारच्या आटपाडी भागातले, म्हणजे माणदेशातलेच. एका धनगरांच्या वाडीवर तरुण मास्तर येतो, अशी गोष्ट. दहा पानं वाचली आणि मी थांबलो. माळ आमचा, मेंढरं आमची, माणसं बोलतात तीही आमच्यासारखी. पुस्तकात असली माणसं चालतात हे मला ठाऊकच नव्हतं. आधी जरा लाजच वाटली. वाटलं, हे पुण्याची माणसं वाचत असतील तर आपल्याला हसत असतील.

हे आजीला मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो. तिचं माहेर औंध संस्थानातलं. मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो आणि तिच्यासाठी राजा वाडीवर येतो, ते ऐकून ती उठूनच बसली. "आमचा राजा त्यो! पोरास्नी सूर्यनमस्कार घालाय लावायचा." ते खरंच होतं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार चालू केले होते. त्या दिवसापासून आजीला ती गोष्ट राहिली नाही, माहेरची खबर झाली. कारभाऱ्यानं काय केलं, आनंदा रामोशी सुधारला का, असं रोज विचारायची. कामावरून आलेल्या आईला मीठ-मसाला लावून सांगायची. आई मिलोची भाकरी थापता थापता ऐकायची. ती भाकरी थापताना फुटायची, तेवढ्यात गोष्टही तुटायची.

मी मात्र एका रात्री चिमणीपुढं बसून एकटाच शेवटपर्यंत गेलो. पाऊस येत नाही. मेंढरं मरतात. माणसं जगायला निघून जातात, शाळेत पोरं राहत नाहीत आणि मास्तरही वाडी सोडतो. पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. वाटलं, एखादं पान राहिलं असेल. आमच्या आळीतली चार घरं त्याच महिन्यात कुलपं लावून गेली होती. मला भ्याच वाटलं. हे छापून आलंय म्हणजे आपलंही असंच ठरलेलं आहे, असं काहीतरी डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, "वाच." मी पुस्तक समोर धरलं आणि त्यात नसलेलं वाचलं. वळीव पडला. ओढ्याला पाणी आलं. माणसं मेंढरं घेऊन माघारी आली. घाईत मी फारच पाऊस पाडला असणार, कारण आजी म्हणाली, "येवढा? मग तालीम पडली आसंल की रं!"

पुस्तक परत करायला गेलो तेव्हा गुरुजी हजेरी घेऊन बसले होते. आमच्या वर्गात निम्मी पोरं उरली होती. कसं वाटलं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "शेवट बराबर न्हाई."

"मग कसा पायजे हुता?"

मी आजीला सांगितलेला सांगितला. एरवी ते चेष्टा करायचे. त्या दिवशी नुसतं ऐकून घेतलं, हजेरी मिटली आणि म्हणाले, "मी बी त्ये पुस्तक परवाच पुन्यांदा वाचलं."

१९७३ च्या पावसाळ्यात पाऊस पडला. मेंढरंवाले आले, आळीतली दोन घरं उघडली. दोन आजपर्यंत उघडली नाहीत, आता तिथं बाभळी आहेत. आजी ओसरीवर बसून पागोळ्यांखाली हात धरायची.

"बघ," म्हणाली, "तुझ्या पुस्तकातल्यावानी झालं."

मी गप्प.

"आन् त्या मास्तराचं रं? त्येला बोलावला का माघारी वाडीनं?"

"बोलावला," मी म्हणालो.