जुन्या दगडी घराचा विस्तार (वऱ्हाड)

वऱ्हाडातील जुन्या दगडी घराचा विस्तार म्हणजे अमरावती, अकोला व लगतच्या भागांतील काळ्या पाषाणात बांधलेल्या घरांना व वाड्यांना नव्या खोल्या, मजला किंवा स्वच्छतागृह जोडण्याचे नियोजन आणि आराखडा. कुटुंबाची वाढ, भावांमधील वाटणी आणि घरातच न्हाणी व शौचालय असण्याची गरज ही अशा विस्ताराची नेहमीची कारणे आहेत. या प्रदेशातील मुख्य अडचण जमिनीची आहे. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. जुने घर अनेक दशकांच्या भाराखाली स्थिरावलेले असते, तर नवे बांधकाम पुढील काही वर्षे खचत राहते. दोन्ही एकमेकांना घट्ट जोडल्यास तडा बहुधा जुन्या, कमी ताण सोसणाऱ्या भिंतीला जातो. त्यामुळे नव्या भागाने स्वतःच्या पायावर स्वतंत्रपणे उभे राहावे, हे या कामातील मूलभूत तत्त्व मानले जाते.

पार्श्वभूमी

वऱ्हाडचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. हाच काळा दगड गाविलगड व नरनाळा या किल्ल्यांत आणि अमरावतीच्या परकोटात वापरलेला दिसतो. पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये हा परकोट बांधण्यास घेतला गेला. १८५३ मध्ये वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) येथील कापसाला मोठी मागणी आली आणि व्यापारी पेठांमध्ये पैसा खेळू लागला.

पारंपरिक घरात ढेलज, ओसरी, चौक, माजघर, देवघर व परसदार असा क्रम आढळतो. छत सागवानी खांब, तुळया व कड्यांवर पेललेले धाब्याचे किंवा कवेलूंचे असते. खेड्यांत वस्तीच्या जागेला ‘पांढर’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणण्याची रीत आहे. जुने घर पांढरीवर असले, तरी परसदाराकडे वाढवलेला भाग काळ्या मातीवर जाऊ शकतो. एकाच घराखाली अशा दोन प्रकारच्या जमिनी येणे हे असमान खचण्याचे मोठे कारण ठरते.

जुन्या भिंतीची पाहणी

जुन्या जाड दगडी भिंती अनेकदा दोन पदरी असतात. बाहेर व आत दगडांचे एकेक पदर रचून मधल्या जागेत चिपा, खडे व माती भरलेली असते. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड पुरेसे नसतील, तर पाणी मुरल्यावर किंवा हादरा बसल्यावर पदर फुगून सुटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्या आपत्तीने या बांधणीतील दोष ठळकपणे पुढे आला. आयएस १३८२८ (१९९३) या भारतीय मानकानुसार दर ६० सेंटिमीटर उंचीवर आणि आडव्या दिशेने १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता आरपार दगड असावे लागतात. जुन्या भिंतीत ते नंतरही बसवता येतात. त्यासाठी ठरावीक अंतरावर दगड काढून भिंतीत आरपार भोक पाडतात व त्यात सळईसह काँक्रीट भरतात.

तडे जुने आहेत की अद्याप वाढत आहेत, हे ओळखण्यासाठी त्यांवर काचेची पट्टी चिकटवून तारीख नोंदवतात. पट्टी फुटल्यास हालचाल सुरू आहे असे समजतात. काळ्या मातीचे वर्तन ऋतूनुसार बदलत असल्याने ही नोंद मे महिन्यापासून पावसाळा संपेपर्यंत ठेवणे उपयुक्त असते.

पाया

विस्ताराचा आराखडा करण्यापूर्वी जुन्या जोत्यालगत लहान चाचणीखड्डा घेऊन जुन्या पायाची खोली व त्याखालील थर पाहतात. मुरूम किंवा खडक जवळ असल्यास नवा पाया तेथपर्यंत नेणे हा सर्वांत सरळ उपाय असतो. काळ्या मातीचा थर खोल असल्यास पुढील पद्धती वापरल्या जातात:

- तळाशी फुगा असलेले स्तंभपाये: रुडकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत या पद्धतीचा विकास झाला. ऋतूनुसार हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन स्तंभाचा रुंद फुगा जमिनीत पकड घेतो.
- न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर: पायाखालील काळी माती काढून तेथे अशा मातीचे दाबलेले थर देतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील रा. कृ. कट्टी यांनी ही पद्धत मांडली.

जुन्या भिंतीला खेटून तिच्या पायापेक्षा खोल सलग चर खणल्यास पायाखालची माती निसटून भिंत धोक्यात येते. म्हणून नव्या भिंतीचा पाया काही अंतरावर घेऊन वरचा भाग जुन्या घराकडे झुलता ठेवतात किंवा चर लहान टप्प्यांत खणून लगेच भरतात. जोत्याभोवती बाहेर उतरता फरसबंद पट्टा केल्यास पायाखालील ओलावा फारसा बदलत नाही. कूलरचे सतत ठिबकणारे पाणी, गळकी न्हाणी आणि भिंतीलगतची मोठी झाडे यांमुळे हा समतोल बिघडतो.

जुन्या-नव्याचा सांधा

दोन्ही भागांमध्ये पायापासून छतापर्यंत उभा मोकळा सांधा ठेवतात. तो दगड-विटांच्या तुकड्यांनी न भरता लवचीक द्रव्याने बंद करतात आणि छतावर दुमडलेल्या पत्र्याने झाकतात. नव्या स्लॅबची टोके जुन्या भिंतीत खोबणी करून टेकवणे टाळले जाते. ये-जा करण्यासाठी नवे भगदाड पाडण्याऐवजी जुने दार किंवा खिडकीची जागा वापरल्यास भिंतीची अखंडता टिकते.

वरचा मजला चढवताना भार कोणत्या वाटेने खाली जातो, हे तपासणे महत्त्वाचे असते. धाब्यावरील ३० सेंटिमीटर मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरते. धाबे काढून घातलेली काँक्रीटची स्लॅब त्यापेक्षा हलकी असू शकते. मात्र अनेक वाड्यांत धाब्याचा भार लाकडी खांबांवर असतो. खांब काढून स्लॅब भिंतींवर टेकवली, तर पूर्वी मुख्यतः आडोशाचे काम करणाऱ्या भिंतींवर तो सारा भार येतो.

चुना, सिमेंट आणि खारे पाणी

चुन्यात किंवा मातीत रचलेली भिंत जमिनीतून चढणारी ओल पृष्ठभागातून बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा केल्यास ओल आत अडकून वर चढते व भिंतीच्या पोटातील माती भुसभुशीत होते. म्हणून जुन्या भागाच्या दर्जा चुन्यानेच भरणे योग्य समजले जाते.

अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा असून तेथील भूजल खारट आहे. भिंतीत चढलेल्या पाण्यातील क्षार सुकताना गिलावा फोडतात. नव्या काँक्रीटमध्ये हे पाणी वापरल्यास सळया गंजण्याचा धोका असतो. आयएस ४५६ (२०००) नुसार सळईयुक्त काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. त्यामुळे या पट्ट्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आधी तपासून घेतात.

उष्णता आणि मांडणी

अकोल्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. जाड दगडी भिंत दिवसाची उष्णता उशिरा आत सोडते, तर पातळ विटांची भिंत व उघडी स्लॅब लवकर तापते. त्यामुळे नव्या भागात पश्चिमेला जिना, कोठार किंवा न्हाणी ठेवून राहण्याच्या खोल्या आत घेणे, तसेच रुंद ओसरी व छतावर सावली देणे सोयीचे ठरते. चौक झाकून खोली काढल्यास जागा मिळते, पण सभोवतालच्या खोल्यांचा उजेड व वारा बंद होतो.

मालकी आणि परवानगी

वडिलोपार्जित घरात सर्व सहहिस्सेदारांची नावे व संमती आधी पाहणे आवश्यक असते. शहरात मिळकत पत्रिका व गावात ग्रामपंचायतीची नोंद हे प्रमुख कागद होत. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यात येतात. अमरावती व अकोला महानगरपालिकांना २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम प्रतिबंधित, तर त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात ते नियंत्रित असते.

वारसाविषयक दृष्टिकोन

व्हेनिस सनद (१९६४) नव्या भरीवर तिच्या काळाची खूण असावी आणि तिने मूळ वास्तूच्या महत्त्वाच्या भागांना बाधा आणू नये, असे सांगते. इंटॅकची २००४ ची सनद परंपरागत कारागिरांच्या चालू ज्ञानाला अधिक महत्त्व देते. विस्तार करताना या दोन भूमिकांची सांगड घालता येते: जुन्या भागाची दुरुस्ती गवंडी व सुतार यांच्या परंपरागत पद्धतीने आणि नवा भाग साधा, जोत्याच्या व छज्जाच्या रेषा जुळवणारा, पण वेगळा ओळखू येणारा.

हे सुद्धा पाहा

- वाडा (वास्तू)
- काळी माती
- खारपाणपट्टा
- किल्लारी भूकंप