संस्थान गेले, संघ राहिला

माद्रिद शहरातील एका फुटबॉल संघाची स्थापना १९०२ साली झाली. पुढे १९२० साली स्पेनचा राजा तेरावा अल्फान्सो याने त्या संघास ‘रेआल’, म्हणजे राजमान्य, ही पदवी बहाल केली आणि संघाच्या चिन्हावर राजमुकुट आला. १९३१ साली स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले. राजा देश सोडून गेला, पदवी गेली आणि चिन्हावरचा मुकुटही उतरला. संघ मात्र खेळत राहिला. दहा वर्षांनी, १९४१ साली, पदवी आणि मुकुट दोन्ही त्याला परत मिळाली. राजाचा आश्रय सुटला म्हणजे त्या आश्रयावर वाढलेल्या संघाचे काय होते, या प्रश्नाला माद्रिदने दिलेले हे उत्तर होय. हाच प्रश्न काही वर्षांनी हिंदुस्थानातील दोन मराठी राजधान्यांपुढे उभा राहिला. एक इंदूर, दुसरी बडोदे. आणि खेळ क्रिकेटचा.

बडोद्यात खेळाची आवड मुरलेली होती. तालमी आणि आखाडे यांचे हे गाव. येथील हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम प्रसिद्ध करून अखिल भारतीय सामने भरविले. क्रिकेटला मात्र राजाश्रयाची गरज होती, कारण हा खेळ खर्चाचा आणि फुरसतीचा. सयाजीराव महाराजांच्या निधनानंतर १९३९ साली त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले आणि त्यांच्या कारकिर्दीत क्रिकेटला दरबारचा भरघोस आधार लाभला. गुणी खेळाडू हेरावा, त्यास संस्थानच्या सेवेत घ्यावे आणि चरितार्थाची चिंता मिटवून त्याला मैदानावर मोकळे सोडावे, अशी त्या काळच्या संस्थानी क्रिकेटची रीत होती.

या रीतीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे विजय हजारे. सांगलीत १९१५ साली जन्मलेले हजारे आरंभी महाराष्ट्राकडून खेळत असत. १९३९-४० च्या हंगामात पुण्यास त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. हिंदी फलंदाजाचे प्रथम दर्जाच्या सामन्यातील ते पहिले त्रिशतक, आणि ते ज्या संघाविरुद्ध झाले तो संघ बडोद्याचाच होता. ज्याने आपल्याला असे झोडपले त्यालाच आपल्या घरी आणावे, हे शहाणपण बडोद्याने दाखविले. १९४१ पासून हजारे बडोद्याचे झाले ते कायमचेच. १९४२-४३ साली बडोद्याने प्रथमच रणजी करंडक जिंकला.

तिकडे इंदुरात होळकरांचा संघ कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली दिग्विजय करीत होता. या दोन संघांची गाठ १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात पडली, तेव्हा करंडक होळकरांनी नेला. दुसऱ्या वर्षी, मार्च १९४७ मध्ये, बडोद्यास पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला. बडोद्याचेही तीन गडी ९१ धावांत बाद झाले होते. त्या वेळी हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली आणि तिने चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. वर्षभरापूर्वीच वेस्ट इंडीजच्या वॉलकॉट आणि वॉरेल यांनी रचलेला ५७४ धावांचा विश्वविक्रम त्या दिवशी मोडला. बडोद्याने एक डाव आणि ४०९ धावांनी सामना जिंकला. हा नवा विक्रम पुढे एकोणसाठ वर्षे टिकला. २००६ साली कोलंबो येथे श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी तो मागे टाकला. चौथ्या गड्याच्या भागीदारीचा विक्रम तर आजही याच जोडीच्या नावावर आहे.

यातील एक फलंदाज सांगलीचा, दुसरा लाहोरचा. बडोद्याने दोघांना एका खेळपट्टीवर आणले. पाच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानचे नागरिक झाले आणि १९५६ साली कराचीस ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून एक कसोटी सामना खेळले. हजारे भारताचे कर्णधार झाले आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून त्यांनी भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रयावर उभ्या राहिलेल्या संघाची खरी कसोटी आता सुरू झाली. १९४९-५० चा करंडक बडोद्याने पुन्हा होळकरांनाच हरवून जिंकला. पण ती जुन्या बळाची पुण्याई होती, असे कोणी म्हटले असते तर ते चूक ठरले नसते. इंदुरात काय घडले ते पाहावे. अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरी गाठणारा आणि चार वेळा करंडक जिंकणारा होळकर संघ १९५४-५५ नंतर त्या नावाने उरला नाही. प्रथम मध्य भारत आणि पुढे मध्य प्रदेश अशा नावांत तो विरून गेला. मध्य प्रदेशाने करंडक जिंकला तो २०२२ साली.

बडोद्याचा संघ मात्र टिकला. १९६० साली गुजरात राज्य स्थापन झाले, तरी त्या राज्यात गुजरात आणि सौराष्ट्र यांच्या जोडीने बडोद्याचा स्वतंत्र संघ कायम राहिला. होळकर हे घराण्याचे नाव होते, बडोदे हे गावाचे. घराण्याची सत्ता गेली तेव्हा एका नावाचा आधार गेला. गाव जागच्या जागी होते, म्हणून दुसरे नाव उरले. नावाला जागते ठेवणारी माणसेही होती. १९५७-५८ साली दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने सेनादलाला नमवून चौथ्यांदा करंडक मिळविला. त्या अंतिम सामन्यात त्रेचाळीस वर्षांच्या हजाऱ्यांनी द्विशतक काढले. राजघराण्यातील फत्तेसिंहराव गायकवाड १९६३ ते १९६६ या काळात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. दत्ताजीरावांमागून त्यांचे पुत्र अंशुमान आले, पुढे यष्टिरक्षक किरण मोरे आले. खेळाडू भारतीय संघात जात राहिले, पण करंडक मात्र बडोद्यास फिरकला नाही. तो आला २००१ साली, त्रेचाळीस वर्षांनी. जेकब मार्टिनच्या नेतृत्वाखाली आणि श्रीरामपूरच्या झहीर खानच्या गोलंदाजीच्या जोरावर बडोद्याने रेल्वेचा अवघ्या २१ धावांनी पराभव केला.

राजा गेल्यावर संघ कोणाचा झाला, याचे उत्तर त्यानंतरच्या पिढीने दिले. मशिदीच्या आवारात वाढलेले, तेथील सेवेकऱ्याचे मुलगे इरफान आणि यूसुफ पठाण याच संघातून भारतासाठी खेळले. ज्या कराचीत गुल महंमद पाकिस्तानकडून खेळले होते, त्याच कराचीत २००६ साली इरफानने कसोटीच्या पहिल्याच षटकात लागोपाठ तीन गडी बाद केले. दत्ताजीराव गायकवाड १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंचाण्णवाव्या वर्षी बडोद्यात निवर्तले, तेव्हा याच इरफानने त्यांची आठवण सांगितली. राजवाड्याच्या परिसरातील मोतीबाग मैदानावर वडाच्या झाडाखाली आपली मोटार उभी करून ते बडोद्यासाठी होतकरू मुले हेरीत असत.

गुणी खेळाडू हेरण्याची दरबारची रीत संस्थानाबरोबर संपली नाही. फरक एवढाच, की पूर्वी दरबार दूरदूरचे खेळाडू आणी, आणि आता एक वृद्ध खेळाडू गावातलीच मुले निरखीत होता. माद्रिदला त्याचा मुकुट परत मिळाला. बडोद्याला तो परत मागावा लागला नाही.