पेशंटला प्रश्न कसा विचारायचा, हे डॉक्टर शिकतात कुठे?

समजा, वेवजीतला एक वारली तरुण अंगदुखीची तक्रार घेऊन सरकारी दवाखान्यात आलाय. समोर इंटर्न डॉक्टर. ‘आधी काही आजार?’ ‘नाय.’ ‘औषध चालू आहे?’ ‘नाय.’ केसपेपर भरला, हाती काहीच लागलं नाही.

तलासरी तालुक्यातलं वेवजी गुजरातच्या अगदी हद्दीवर आहे. पलीकडे सोळसुंबा, उंबरगाव. पेशंटने आधी तिकडे दाखवलेलं असू शकतं, घरी गुजरातीतले कागद पडलेले असू शकतात. किंवा तो आधी भगताकडे गेलेला असतो, पण डॉक्टर ओरडतील म्हणून सांगत नाही. ‘घरात अजून कोणाचे हातपाय असेच दुखतात? लहानपणी रक्त चढवलं होतं?’ हे विचारलं, तर सिकलसेलचा संशय येऊ शकतो. आदिवासी भागांत जास्त आढळणारा हा आनुवंशिक आजार. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता 25 टक्के. म्हणजे एक प्रश्न राहिला, तर अख्खं घर तपासणीतून सुटतं.

याला डॉक्टर ‘हिस्ट्री घेणं’ म्हणतात. पूर्वी हे बहुतेक सिनिअरकडे बघून शिकायचं. सिनिअर खेकसणारा असेल, तर खेकसणंही! 2019 च्या बॅचपासून एमबीबीएसमध्ये ‘एटकॉम’ आलं: वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचं रीतसर शिक्षण. त्यात रोल प्ले असतात. ‘ऑस्की’ नावाच्या परीक्षेत तर खोटा पेशंट बसवून संवादही तपासता येतो. नमस्कार केला, नाव सांगितलं, परवानगी घेतली, की मार्क. अडचण इतकीच, की हा पेशंट पाठ केलेलं बोलतो. वारली बोलत नाही, गप्पही बसत नाही.

आणि गप्प बसणं डॉक्टरलाही जमावं लागतं. 1984 मधल्या एका गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडताना आढळले होते.

त्या मानाने नंतर आलेला कुटुंब दत्तक उपक्रम जास्त कामाचा वाटतो. विद्यार्थ्याने गावातल्या ठरावीक कुटुंबांकडे पहिल्या वर्षापासून वारंवार जायचं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ओळख होते, मग पहिल्या भेटीतल्या ‘नाय’मागचं खरं उत्तर बाहेर येतं. डहाणू-तलासरी पट्ट्यातली कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, हेही घरी गेल्यावरच कळतं. मग ‘पुढच्या महिन्यात दाखवायला या’ म्हणण्याआधी विद्यार्थी विचारायला लागतो, ‘पुढच्या महिन्यात तुम्ही इथेच आहात ना?’