जाहिरातीत बायकाच जास्त दिसतात, मग अडचण कुठे आहे?

सातवीच्या मुलांना जाहिरातींमधले बायका-पुरुष मोजायला सांगितले, तर बायका जास्त भरण्याची शक्यता आहे. युनिसेफ आणि गीना डेव्हिस इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये भारतातल्या हजारावर जाहिरातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पडद्यावरचा जवळपास ६० टक्के वेळ मुली आणि बायकांच्या वाट्याला आला होता.

मग तक्रार कशाची? तर पालक म्हणून बाईला दाखवण्याचं प्रमाण पुरुषाच्या तिप्पट होतं. म्हणजे नुसती डोकी मोजून भागत नाही. कोण काय करतंय, निर्णय कोण घेतंय, हे बघावं लागतं. बाईने असंच वागावं, पुरुषाने तसंच, अशी ही ठरीव चौकट म्हणजे लिंगभावाचा साचा.

महाराष्ट्रात हे शाळेत शिकवण्याचे प्रयत्न जुने आहेत. २००८ मध्ये मुंबईतल्या महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलांसाठी ‘जेम्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. कोरो, टिस आणि आयसीआरडब्ल्यू या संस्था त्यामागे होत्या. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. आई-बाबा मिळून भाजी निवडतायत, डॉक्टर बाई आहे, स्वयंपाकी पुरुष आहे. चांगलंच झालं. पण पुस्तक मिटलं की मुलांच्या हातात मोबाईल येतो, आणि तिथली चित्रं बालभारती काढत नाही.

कोल्हापूरच्या वर्गात सुरुवात कुठून करायची?

‘तुझ्यात जीव रंगला’पासून. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचं चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात झालं. राणादा पैलवान, पण लाजाळू आणि शिक्षणात मागे. अंजली शिक्षिका. साचा मोडला म्हणायचं? अर्धाच. कारण घरात कारस्थानं करणारी पुन्हा वहिनीच. एकाच मालिकेत दोन्ही सापडतं, म्हणून वर्गात वाद घालायला ती उत्तम.

दुसरा प्रयोग चित्राचा. ‘कोल्हापुरातले खेळाडू’ काढायला सांगायचं. (‘कोल्हापूरचा खेळाडू’ म्हटलं की प्रश्नातच अर्धं उत्तर येतं.) मग किती चित्रांत मुली आल्या ते बघायचं आणि दोन नावं घ्यायची. तेजस्विनी सावंत, २०१० ची नेमबाजीतली विश्वविजेती. राही सरनोबत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेतली सुवर्णविजेती. दोघीही कोल्हापूरच्याच.

रील्सचं गणित वेगळं आहे. जे बघाल तेच पुढे येत राहतं. त्यामुळे आईच्या आणि बाबांच्या मोबाईलवर कुठल्या जाहिराती येतात, याची दोन दिवस यादी करून शेजारी ठेवली तरी बरंच कळतं.

इथे शिक्षकांनी एक सांभाळायला हवं. घरी आईच भाकरी थापते, म्हणून ती चुकतेय किंवा मागासलेली आहे, असं मुलाला वाटता कामा नये. तिचं काम म्हणजे साचा नव्हे. ते कायम तिनेच करायचं, हे गृहीत धरणं म्हणजे साचा. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘ॲस्की’ने, जून २०२२ मध्ये आणलेले नियमही हाच फरक करतात. घर साफ करणारी बाई जाहिरातीत दाखवायला हरकत नाही, पण हे काम फक्त बायकांचंच असं सुचवता येत नाही. असं सुचवणारी जाहिरात दिसली, तर परिषदेकडे कोणीही ऑनलाईन तक्रार करू शकतं.