सत्यवादी आणि असत्यवादी कोडी

सत्यवादी आणि असत्यवादी कोडी हा तर्ककोड्यांचा एक प्रकार आहे. यात एका काल्पनिक बेटावरील प्रत्येक रहिवासी एकतर नेहमी खरे बोलणारा (सत्यवादी) किंवा नेहमी खोटे बोलणारा (असत्यवादी) असतो. रहिवाशांच्या विधानांवरून कोण कोणत्या गटातील आहे, हे ओळखायचे असते. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन (१९१९–२०१७) यांच्या १९७८ मधील कोड्यांच्या पुस्तकामुळे हा प्रकार विशेष प्रसिद्ध झाला.

पद्धत

प्रथम वक्ता सत्यवादी आहे असे गृहीत धरून त्याचे विधान तपासतात. विसंगती आढळल्यास वक्ता असत्यवादी ठरतो. विसंगती न आढळल्यास दुसरी शक्यताही तपासावी लागते; अन्यथा उत्तर एकमेव आहे असे म्हणता येत नाही. दोन व्यक्तींसाठी ४, तर तिघांसाठी ८ शक्यता असतात. त्या सत्यता कोष्टकात मांडता येतात.

उदाहरण

अ आणि ब या दोघांपैकी अ म्हणतो, "आम्ही दोघेही असत्यवादी आहोत." अ सत्यवादी असता, तर स्वतःच्याच विधानानुसार तो असत्यवादी ठरला असता. म्हणून अ असत्यवादी आहे आणि त्याचे विधान खोटे आहे. या विधानाचा नकार "दोघेही सत्यवादी आहेत" असा नसून "दोघांपैकी किमान एक सत्यवादी आहे" असा होतो. तो अ नाही. म्हणून ब सत्यवादी आहे.

विरोधाभासाशी संबंध

"मी असत्यवादी आहे" असे या बेटावर कोणीही म्हणू शकत नाही. सत्यवाद्याच्या तोंडी ते खोटे, तर असत्यवाद्याच्या तोंडी खरे ठरते.