अंतराचे राज्य: जोहान्सबर्गमधील ये-जा, विषमता आणि हिंसा

1886 मध्ये विटवॉटर्सरँडच्या डोंगरकण्यावर सोन्याचा शोध लागला आणि त्यापाठोपाठ जोहान्सबर्ग शहर उभे राहिले. जमिनीखाली खोलवर दडलेले ते सोने वर काढण्यासाठी खाणींना हजारो मजूर हवे होते, परंतु त्या मजुरांनी बायकामुलांसह शहरात स्थायिक व्हावे, हे खाणमालकांनाही नको होते आणि सरकारलाही. कृष्णवर्णीय माणसाचे श्रम शहराला हवेत, त्याचे वास्तव्य मात्र नको, या विसंगतीवर शहराची रचना बेतली गेली, आणि ती टिकवण्याचे मुख्य साधन माणसाची ये-जा हेच ठरले: कोणी कोठून कोठे, किती वाजता, कोणत्या कागदाच्या आधारे आणि किती पैसे मोजून जायचे, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती राहिला, त्यांच्याच हाती शहर राहिले.

प्रारंभी ही व्यवस्था कंपाउंडच्या रूपाने अवतरली. कंपाउंड म्हणजे खाणीलगतची, पहाऱ्यातील, केवळ पुरुष मजुरांची बराक. कराराची मुदत संपली की मजुराने आपल्या दूरच्या गावी परतावे, अशी अपेक्षा असे. खाणींबाहेरच्या घरगडी, धोबी, हमाल अशा कामगारांना मात्र शहराजवळ राहणे भाग होते, आणि त्यांना दूर हटवण्याचे पहिले मोठे निमित्त 1904 च्या प्लेगने पुरवले. हिंदी मजुरांच्या ज्या वस्तीला गोरे लोक ‘कुली लोकेशन’ म्हणत, तेथे साथ पसरली. तेव्हा जोहान्सबर्गमध्ये वकिली करणाऱ्या मोहनदास गांधींनी रुग्णांची शुश्रूषा केली, आणि महापालिकेने वस्ती रिकामी करून ती जाळून टाकली. विस्थापितांना शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे वीस किलोमीटरवर, सांडपाण्याच्या शेतीला लागून असलेल्या क्लिपस्प्रुट येथे नेण्यात आले. पुण्यातील 1897 ची प्लेग-मोहीम ठाऊक असणाऱ्या मराठी वाचकाला आरोग्याच्या नावाने घरात शिरणारी सत्ता नवी नाही. पण पुण्यातील माणसे साथ ओसरल्यावर आपापल्या घरी परतली, क्लिपस्प्रुटच्या कृष्णवर्णीयांना मात्र परतीची वाट उरली नाही. पुढे ज्या वस्त्यांच्या समूहाला सोवेटो हे नाव मिळाले, त्याची सुरुवात इथे झाली.

अंतर निर्माण केल्यावर ते ओलांडण्याची परवानगी देण्याचा प्रश्न उरतो. पास म्हणजे कृष्णवर्णीय प्रौढाने सतत जवळ बाळगायचा, त्याची ओळख, मालक आणि शहरात असण्याचे कारण नोंदवणारा दस्तऐवज. आशियाई रहिवाशांवरही बोटांच्या ठशांसह नोंदणीची सक्ती झाली होती, आणि 16 ऑगस्ट 1908 रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात त्यांनी आपली दोन हजारांहून अधिक प्रमाणपत्रे जाळली. मात्र कृष्णवर्णीयांच्या पासाला या लढ्याने हात घातला नव्हता, ही त्याची मर्यादाही नोंदवायला हवी. 1952 मध्ये सर्व पासांच्या जागी एकच ‘संदर्भ पुस्तिका’ आणणाऱ्या कायद्याच्या नावात पासांच्या ‘उच्चाटना’चा उल्लेख होता; सरकारी शब्दयोजनेतील कावेबाजपणाचा याहून स्पष्ट नमुना सापडणे कठीण. त्याच वर्षी नागरी क्षेत्रांच्या कायद्यातील दहावे कलम कडक झाले. त्यानुसार त्या शहरात जन्मून सलग राहिलेल्यास, एकाच मालकाकडे दहा वर्षे नोकरी केलेल्यास किंवा पंधरा वर्षे कायदेशीर वास्तव्य असलेल्यास राहण्याचा हक्क होता, त्यांच्या बायकामुलांना त्यांच्यामुळे तो मिळे, आणि इतरांना परवान्याविना 72 तासांपेक्षा अधिक थांबता येत नसे. पोलिसाने रस्त्यात हटकले आणि पुस्तिका जवळ नसली, तर कोठडी ठरलेली. 9 ऑगस्ट 1956 रोजी सुमारे वीस हजार स्त्रियांनी याविरुद्ध प्रिटोरियातील सरकारी इमारतींवर मोर्चा नेला, आणि 21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिल येथे पासांविरुद्ध जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा 69 माणसे मारली गेली.

1950 च्या दशकात शहराचा नकाशाही नव्याने आखला जात होता. 1950 च्या गटक्षेत्र कायद्याने प्रत्येक वंशासाठी वेगळा भूभाग ठरवून दिला, आणि अशा भूभागांच्या मध्ये मोकळे पट्टे, लोहमार्ग, कारखाने वा खाणींतील मातीचे पिवळट ढीग राहतील अशी आखणी झाली. सोफियाटाउन हे केंद्रापासून जवळचे, कृष्णवर्णीयांना जमिनीची मालकी असलेले, दाटीवाटीचे पण लेखक आणि वादकांनी गजबजलेले उपनगर. 9 फेब्रुवारी 1955 रोजी सुमारे दोन हजार पोलिसांच्या बंदोबस्तात तेथील कुटुंबांना ट्रकांत बसवून सोवेटोच्या भागातील मेडोलँड्सला हलवणे सुरू झाले, आणि रिकाम्या झालेल्या जागी गोऱ्यांसाठी वसवलेल्या उपनगराला ‘ट्रायॉम्फ’, अर्थात विजय, हे नाव देण्यात आले. या स्थलांतराचे वर्णन बहुधा घर गमावण्याच्या भाषेत केले जाते आणि ते योग्यच आहे, तथापि त्यासोबत रोजच्या प्रवासाचे तास आणि भाडे वाढले, आणि तो वाढीव खर्च हुसकावलेल्यांच्याच पगारातून वसूल झाला, याकडे दुर्लक्ष होते.

या वसुलीला सर्वांत ठोस उत्तर अलेक्झांड्राने दिले. 1912 मध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या जमीनखरेदीवर बंधने घालणाऱ्या 1913 च्या कायद्याच्या आधी वसलेली ही टाउनशिप शहराच्या ईशान्येला सुमारे चौदा-पंधरा किलोमीटरवर आहे. 1940 च्या दशकाच्या आरंभी येथे भाड्याच्या खोलीत राहणारे तरुण नेल्सन मंडेला बसचे भाडे वाचवण्यासाठी अनेकदा शहरापर्यंत पायी जात. 1943 मध्ये भाडे चार पेनीवरून पाच पेनी करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा हजारो लोकांसह तेही चालले, आणि नऊ दिवसांत भाडे पूर्ववत झाले. पुढच्याच वर्षी पुन्हा तोच वाद पेटून बहिष्कार सुमारे सात आठवडे चालला. 7 जानेवारी 1957 रोजी पुटको या बस कंपनीने तीच एक पेनी पुन्हा वाढवली, आणि ‘अझिख्वेल्वा’, म्हणजे आम्ही चढणार नाही, ही घोषणा देत अलेक्झांड्राचे कामगार पहाटे घराबाहेर पडून जाऊन-येऊन सुमारे तीस किलोमीटर चालू लागले. बहिष्कार प्रिटोरियाच्या वस्त्यांपर्यंत पसरला. काही गोरे मोटारचालक चालणाऱ्यांना गाडीत घेत, तेव्हा पोलिस त्या मोटारी अडवून परवाने आणि आसने तपासत, तर चालणाऱ्यांचे पास मागत. सरकारची भूमिका अशी, की प्रश्न भाड्याचा नसून राजकीय आहे आणि म्हणून माघार नाही. प्रश्न राजकीय होता हे खरेच, कारण कामगाराला कामापासून पंधरा किलोमीटर दूर ठेवण्याचा निर्णय सरकारी, त्या अंतराचे फायदे मालकांचे, आणि भाडे मात्र कामगाराचे, हा हिशेब बहिष्कारकर्त्यांनी जाहीरपणे मांडला होता. तीन महिन्यांनी व्यापारी संघाने कूपनांची योजना आणून प्रवाशाला चार पेनीतच प्रवास मिळेल अशी व्यवस्था केली, आणि त्याच वर्षी कायदा करून वाढीव भार मालकांवरील करातून उचलण्यात आला. वंशभेदी राजवटीच्या काळात कृष्णवर्णीय कामगारांना इतक्या थेट रीतीने मिळालेले आर्थिक यश फार थोडे आहे.

सोवेटोकडे मात्र रेल्वे हेच प्रमुख वाहन होते. दारे उघडी ठेवून धावणाऱ्या, खच्चून भरलेल्या गाड्यांत प्रार्थनामंडळे भरत, डब्याच्या पत्र्यावर ताल धरून भजने होत, कामगार संघटनांच्या सभा चालत; टपावर वा दाराबाहेर लोंबकळून जाणाऱ्या पोरांना ‘स्टाफरायडर’ म्हणत, आणि 1978 मध्ये सुरू झालेल्या एका वाङ्मयीन नियतकालिकाने तेच नाव धारण केले. मुंबईच्या लोकलमधील भजनी मंडळांशी परिचित असलेल्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. परंतु 1990 ते 1993 या संक्रमणकाळात, मंडेलांची सुटका होऊन वाटाघाटी चालू असताना, याच डब्यांत सशस्त्र टोळ्या शिरू लागल्या. 13 सप्टेंबर 1990 रोजी बेनरोझ स्थानकाजवळ झालेल्या हल्ल्यात 26 प्रवासी ठार झाले, आणि त्या वर्षांतील सर्व हल्ल्यांमध्ये पाचशेहून अधिक माणसे मरण पावली. दोन स्थानकांच्या मध्ये धावत्या डब्यातून पळ काढता येत नाही. जो प्रवास टाळला तर नोकरी जाते, त्यातच माणूस सर्वाधिक असहाय असतो. या हल्ल्यांमागे सुरक्षा यंत्रणेतील गट असल्याचे आरोप तेव्हापासूनच होत होते. भीतीने अनेकांनी रेल्वे सोडली आणि ते मिनीबस टॅक्सीकडे वळले.

ही टॅक्सी म्हणजे ठरावीक मार्गावर धावणारी, पंधरा प्रवासी नेणारी खासगी गाडी. रस्त्याकडेला उभा राहून प्रवासी तर्जनी वर करतो तेव्हा त्याला शहराच्या मध्यभागी जायचे असते. 1988 मध्ये या वाहतुकीवरील निर्बंध उठवण्यात आले, परवाने मुबलक वाटले गेले, आणि मार्गांच्या ताब्यासाठी टॅक्सी संघटनांमध्ये बंदुकांनी लढाया सुरू झाल्या. सरकारने नियंत्रणाची जबाबदारी झटकल्यावर त्या जागी कोण येते, याचे हे उत्तर आजतागायत कायम आहे: 2009 मध्ये रेआ वाया ही वेगळ्या मार्गिकेवरून धावणारी बससेवा सुरू झाली, तेव्हा काही दिवसांतच सोवेटोत तिच्या बसवर गोळीबार झाला.

पास कायदे 1986 मध्ये रद्द झाले, सोफियाटाउनला 2006 मध्ये त्याचे मूळ नाव परत मिळाले. तथापि धनिक उपनगरांनी आपल्या रस्त्यांवर आडवे दांडे टाकून खासगी पहारेकरी बसवले आहेत, आणि तिथे कामाला जाणाऱ्या माणसाला आजही कोण, कुठे, कशासाठी हे सांगावे लागते. 2010 पासून धावणारी गौट्रेन ही वेगवान रेल्वे विमानतळ, सँडटन हे धनिक उपनगर आणि प्रिटोरिया यांना जोडते, पण ती सोवेटोला जात नाही. सर्वांत स्वस्त असलेली जुनी उपनगरी रेल्वे 2020 च्या टाळेबंदीत तारा आणि रूळ चोरीला जाऊन कोलमडली आणि अनेक मार्ग दीर्घकाळ बंद राहिले. त्या काळात सोवेटोतील कामगारांनी त्याच अंतरासाठी टॅक्सीचे अधिक भाडे भरले.